वृक्षादनी की वृक्षरुहा?

उज्जयिनीच्या वाऱ्याला संस्कृत वाङ्मयात जे स्थान लाभले, ते भारतातील फार थोड्या नगरांच्या वाऱ्याला लाभले असेल. कालिदासाने 'मेघदूता'च्या पूर्वमेघात शिप्रेवरून येणाऱ्या पहाटवाऱ्याचे वर्णन केले आणि शिप्रेचा वारा म्हणजे कमळांचा गंध व सारसांचे कूजन वाहून आणणारी झुळूक, हे समीकरण रसिकांच्या मनात कायमचे ठसले. परंतु रामघाटाच्या पायऱ्यांवर ज्यांनी वैशाखातील दुपार काढली आहे, त्यांना याच नदीवरचा दुसरा वाराही परिचित आहे. दिवसभर तापलेली काळी जमीन, पश्चिमेकडे एकाएकी दाटून आलेले ढग, क्षणभर पडलेली विलक्षण शांतता, आणि मग समोरचा दत्त आखाडा दिसेनासा करणारा धुळीचा लोट. माळव्यात स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून या वाऱ्याला 'वादळ' म्हणण्याऐवजी 'आंधी' असेच म्हटले जाते. शब्द या भूमीचा आहे, कारण अनुभवही या भूमीचाच आहे.

या आंधीने अलीकडच्या काळात दोनदा साऱ्या देशाचे लक्ष वेधले. ५ मे २०१६ रोजी, सिंहस्थ ऐन भरात असताना, दुपारी आलेल्या वादळी पावसाने मेळ्यातील मंडप आणि तंबू कोसळले. त्यात किमान सहा भाविकांचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, अक्षय्य तृतीयेला, दुसरे शाही स्नान ठरल्याप्रमाणे पार पडले. पुढे २८ मे २०२३ रोजी, ११ ऑक्टोबर २०२२ ला लोकार्पण झालेल्या 'महाकाल लोक' परिसरातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा मूर्ती सोसाट्याच्या वाऱ्याने आपल्या चौथऱ्यांवरून खाली पडल्या. त्या फायबरच्या, आतून पोकळ अशा होत्या. या दोन्ही घटनांची नोंद झाली, चौकशा झाल्या, चर्चा झाली.

त्याच वाऱ्याने घराघरांच्या परसात जे नुकसान होते, त्याची नोंद मात्र कोठेच होत नाही. एखाद्या जुन्या आंब्याची मोठी फांदी मोडते, आणि त्या फांदीवर वर्षानुवर्षे वाढलेली आमर तिच्याबरोबर जमिनीवर येते. जिला आज सर्रास 'ऑर्किड' म्हणतात, तिलाच आपल्या वनस्पतिशास्त्रीय ग्रंथांत 'आमर' हे नाव आहे. प्रस्तुत लेखात या लहानशा नुकसानीचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. मोडलेल्या फांदीवरील आमरीचे काय करावे, हा बागकामाचा प्रश्न आहे खरा. परंतु त्याचा मागोवा घेत गेल्यास तो आपल्यासारख्या, दुसऱ्याच्या भूमीत आठ-दहा पिढ्या काढलेल्या घराण्यांच्या इतिहासापाशी येऊन पोहोचतो, असे आम्हांस वाटते.

मध्य भारतातील आंबा, मोह यांसारख्या खरबरीत सालीच्या वृक्षांवर आढळणारी सर्वपरिचित आमर म्हणजे 'वंदा'. तिची पाने पट्ट्यासारखी, जाड आणि चिवट, टोके कुरतडल्यासारखी. उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत तिला फुलांचे तुरे येतात, म्हणजे तिचा बहर आणि आंधीचा हंगाम एकच. पाकळ्यांवर पिवळसर-तपकिरी चौकडीची नक्षी आणि मधली ओठासारखी पाकळी निळसर जांभळी. या चौकडीवरूनच तिचे शास्त्रीय नाव 'वंदा टेसेलाटा' असे पडले. बंगालमधील वैद्य हिचीच मुळे 'रास्ना' म्हणून वापरतात. आपल्याकडे महारास्नादि काढ्यात पडणारी रास्ना बहुधा निराळ्याच झुडपाची असते. कोकणात आणि सह्याद्रीवर जिला कोणी सीतेची वेणी, तर कोणी द्रौपदीची वेणी म्हणतात, ती वंदाच्या नात्यातली. पण दमट हवेची तिची हौस माळव्याचा उन्हाळा भागवू शकत नाही. वंदा मात्र येथल्या लूला पुरून उरते.

'वंदा' हे नाव जागतिक वनस्पतिशास्त्रात आणले ते सर विल्यम जोन्स यांनी. कलकत्त्यास १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटीची स्थापना करणारे आणि १७८९ मध्ये 'शाकुंतला'चा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध करून कालिदासाला युरोपात नेणारे ते हेच जोन्स. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर १७९५ मध्ये सोसायटीच्या ग्रंथमालेत त्यांचे वंदाचे वर्णन छापले गेले. कालिदासाचा अनुवादक आणि वंदाचा नामकर्ता एकच असावा, हा योगायोग उज्जैनकरांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अशीच एक जोडी मराठीतही आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले होते, आणि 'मेघदूता'चा मराठी अनुवादही त्यांनी केला.

जोन्स यांनी उचललेला संस्कृत शब्द मात्र मोठा संदिग्ध होता. अमरकोशात 'वन्दा' या शब्दाला जे पर्याय दिले आहेत, त्यांत 'वृक्षादनी' आणि 'वृक्षरुहा' हे दोन्ही आहेत. पहिलीचा अर्थ वृक्षाला खाणारी, दुसरीचा अर्थ वृक्षावर उगवलेली. झाडावर वाढणाऱ्या साऱ्या परक्या वनस्पती कोशकाराने एकाच ओळीत बसविल्या. खाणारी आणि राहणारी असा भेद केला नाही. सामान्य माणूसही तो करीत नाही. परसातील आंब्यावर काही हिरवे वाढलेले दिसले की 'बांडगूळ' म्हणून माळ्याकडून ते काढून टाकले जाते, आणि त्या सफाईत आमरही जाते.

वस्तुतः या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बांडगुळाचे बी चिकट फळातून येते. फुलटोच्यासारखे लहान पक्षी ते फांदीवर ठेवून जातात. ते रुजले की त्याचे शोषक मूळ सालीतून थेट लाकडात शिरते आणि झाडाचे पाणी व क्षार ओढू लागते. जेथे ते शिरते तेथे फांदीला गाठ येते, गाठीपुढचा भाग हळूहळू वाळतो, आणि आंधी आली की अशी फांदी लवकर मोडते. आमरीचे मूळ सालीच्या वरच राहते. त्या मुळावर स्पंजासारखे पांढुरके आवरण असते. पावसाचे, दवाचे, सालीवरून ओघळणारे पाणी ते टिपून घेते आणि ओले झाले की हिरवट दिसते. झाडाकडून तिला हवा असतो तो आधार, थोडी सावली आणि थोडा प्रकाश. झाडाचा रस ती घेत नाही.

दोहोंचा जन्मही निराळा. बांडगूळ पक्ष्याने आणलेले, तर आमर वाऱ्याने. आमरीच्या एका बोंडात हजारोंपासून लाखोंपर्यंत बिया असतात, आणि त्या धुळीइतक्या बारीक असतात. इतर बियांत रोपाच्या पहिल्या दिवसांसाठी अन्नाची शिदोरी असते; आमरीच्या बीत ती जवळजवळ नसतेच. विशिष्ट सूक्ष्म बुरशी भेटली तरच तिचे बी रुजते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. १८८३ मध्ये क्रकाटोआ बेटाचा ज्वालामुखीने राख करून टाकला होता. त्या उजाड बेटावर वाऱ्याने पुन्हा ज्या वनस्पती नेल्या, त्यांत पंधरा वर्षांच्या आतच आमरीही होत्या. तेव्हा वारा हा आमरीचा केवळ शत्रू नव्हे. तिला झाडावर आणून बसविणारा तोच, पानांच्या बेचक्यात साठलेले पाणी वाळवून तिला कुजण्यापासून वाचविणारा तोच, आणि झाड मोडून तिला खाली पाडणाराही तोच.

वाऱ्याने आमरीचे जे नुकसान होते, ते नीट पाहिले तर बहुतांशी तिच्या आधाराचे नुकसान असते. फुलांचा तुरा मोडतो, पाने फाटतात. पण एवढ्याने ती मरत नाही. ती मरते ती आधार गेल्यामुळे. मुळे सालीपासून उचकटली जातात, किंवा वरची सावली एका दिवसात नाहीशी होऊन तिच्यावर थेट ऊन पडते. कलकत्त्याजवळच्या शिबपूर येथील वनस्पती उद्यानाला हा धडा फार मोठ्या प्रमाणावर मिळाला. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात आणि पुन्हा १८६७ च्या वादळात तेथील शेकडो मोठे वृक्ष उन्मळून पडले. वृक्षांबरोबर सावली गेली, आणि सावलीखालचा नाजूक संग्रह वादळातून वाचूनही उन्हात टिकणे कठीण झाले. १८७१ मध्ये जॉर्ज किंग तेथे अधीक्षक म्हणून आले आणि त्यांनी उद्यानाची जवळजवळ नव्याने उभारणी केली. तेथल्या प्रसिद्ध महावटाला या वादळांत जखमा झाल्या, मूळ खोड पुढे बुरशीने पोखरले आणि १९२५ मध्ये ते काढून टाकावे लागले. वड मात्र पारंब्यांवर उभा राहिला. २० मे २०२० च्या 'अम्फान' वादळात त्याच्या काही पारंब्या मोडल्या, तरीही तो उभाच आहे.

याच उद्यानाचे अधीक्षकपद १७९३ पासून ज्यांच्याकडे होते, त्या विल्यम रॉक्सबर्ग यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. मद्रासेस असताना ते हवामानाच्या नोंदी ठेवीत. वनस्पतींचा त्यांनी मोठा संग्रह केला होता. कोरोमांडल किनाऱ्यावरील इंजरम येथे आलेल्या जलप्रलयात हा संग्रह, पुस्तके आणि कागदपत्रे, सारे वाहून गेले. ते स्वतःही थोडक्यात बचावले. त्यानंतर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. १७९५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कोरोमांडलच्या वनस्पतींवरील त्यांच्या ग्रंथात आपली ही चौकडीची वंदा चित्रासह आली आहे. म्हणजे ज्याचा सारा संग्रह एकदा गमावला गेला, त्यानेच तिला शास्त्रात तिचे स्थान मिळवून दिले.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. आंधी साधारणतः वैशाख-ज्येष्ठात येते आणि जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग लागतो. या दोहोंमधील काही दिवस हेच आमर वाचविण्याचे दिवस होत. आमरीला नवी मुळे फुटतात ती हवेत ओल आल्यावर. तेव्हा मृगापूर्वी तिला नव्या आधारावर बांधले, तर एका पावसाळ्यात ती तो आधार धरते. पावसाळा हुकला तर पुढचे आठ महिने ती नुसती तग धरण्यातच घालविते.

पडलेली आमर प्रथम सावलीत घ्यावी, आणि ती त्याच दिवशी घ्यावी. ती मोडलेल्या फांदीला चिकटलेली असेल तर ओढून काढू नये. ओढल्याने मुळांचे आवरण सालीवरच राहते आणि आत नुसता दोरा उरतो. त्याऐवजी करवतीने फांदीचा तेवढा तुकडा कापून घ्यावा, किंवा निदान सालीचा पापुद्रा तिच्याबरोबर येऊ द्यावा. जुनी साल नव्या झाडावर बांधली, तर ती साल कुजेपर्यंत मुळे खालच्या जिवंत झाडावर पोहोचलेली असतात. मोडलेली मुळे धारदार, स्वच्छ पात्याने छाटावी. नुसती मुरगळलेली तशीच ठेवावी. जखमा वाळेपर्यंत एक-दोन दिवस पाणी देऊ नये. नंतर सकाळी फवारावे, संध्याकाळी नव्हे, कारण पानांच्या बेचक्यात रात्रभर राहिलेले पाणी कोंभ कुजविते.

नवे झाड खरबरीत आणि साल न सोडणारे असावे. आंबा, मोह, चिंच चालतात. पेरू आणि अर्जुन यांची साल पापुद्र्यांनी गळते, म्हणून ते टाळावेत. खोडाची पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील बाजू निवडावी, म्हणजे पश्चिमेची लू थेट लागत नाही. बांधायला काथ्या किंवा जुन्या सुती लुगड्याची पट्टी घ्यावी. तार घेऊ नये; ती मुळात रुतते, आणि आमर स्वतः धरू लागली तरी तार सोडत नाही. काथ्या वर्ष-दोन वर्षांत आपोआप कुजून जातो, आणि तोवर त्याचे काम संपलेले असते. टांगत्या टोपल्यांच्या तारा आखूड ठेवाव्यात, खालून एक दोरी ओढून बांधावी, म्हणजे टोपल्या एकमेकींवर आदळत नाहीत. पश्चिमेला ढग दिसताच कुंड्या भिंतीच्या आडोशाला जमिनीवर ठेवणे, हा जुनाच उपाय आजही सर्वांत सोपा आहे.

वारा अडविण्यासाठी पश्चिमेला पक्की भिंत किंवा प्लास्टिकचा पडदा उभारण्याचा मोह होतो. त्याचा उपयोग वाटतो तेवढा होत नाही. भरीव अडथळ्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करून खाली येतो. शिवाय हवा कोंडली की आमर कुजते. अर्धा वारा आत येऊ देणारे कुंपण, मग ते मेंदीचे असो, बांबूच्या ताट्यांचे असो वा जाळीचे, अधिक उपयोगी पडते. वाऱ्याला बंदी करावयाची नसून त्याचा वेग मोडावयाचा असतो.

आणि आंधीची वाट न पाहता माघ-फाल्गुनातच झाडे तपासावीत. वाळक्या फांद्या उतरवाव्यात, बांडगुळे गाठीसह, गाठीच्या खालून कापावीत. या वेळी माळ्याजवळ उभे राहून त्याला वृक्षादनी कोणती आणि वृक्षरुहा कोणती, हे दाखवून द्यावे.

हा भेद आम्ही एवढा ताणून धरतो, याला कारण आहे. माळव्यातील मराठी घराण्यांविषयी, कधी उघडपणे तर कधी मनातल्या मनात, हाच प्रश्न विचारला गेला आहे. आपण येथे आलो ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, चौथाईच्या हक्काबरोबर आणि फौजांबरोबर. चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या भूमीच्या उत्पन्नाचा वाटा, हे नाकारण्यात अर्थ नाही. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि त्याच वर्षी शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. दोन्ही बाजूंस मराठेच होते, आणि पोळला तो माळवा. पुढे पेंढाऱ्यांच्या धामधुमीत या प्रदेशाची जी दैना झाली, तिचे वर्णन सर जॉन माल्कम यांच्या १८२३ च्या ग्रंथात येते. त्या वर्णनात आपल्या पूर्वजांच्या कारभाराकडे बोट दाखविणारे पुष्कळ आहे. २१ डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई, जिने होळकरशाहीचे स्वातंत्र्य संपविले, तीही याच शिप्रेच्या काठी, उज्जैनच्या खालच्या अंगाला झाली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात महाकालेश्वराच्या मंदिराची पुनर्बांधणी केली. रामघाटावर भरणाऱ्या सिंहस्थाची आजची परंपराही राणोजींच्याच काळाशी जोडली जाते. गावातील गोपाळमंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधविले. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला, लष्करास हलविली, तेव्हा दरबार गेला; पण वैदिक, वैद्य, कारकून, पेढीवाले अशी कितीतरी कुटुंबे शिप्राकाठीच राहिली. पुढे २८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आदी संस्थाने मिळून मध्यभारत संघ झाला आणि आधाराची ती मोठी फांदीही गेली. बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, त्याच तारखेला, सप्तर्षींच्या मूर्ती पडल्या. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. एवढेच, की फांदी मोडल्याचा दिवस आपण विसरलो होतो आणि मूर्ती पडल्याचा दिवस लक्षात राहिला.

फांदी मोडल्यानंतर काय झाले, यावरून आपण कोण होतो हे अधिक नेमके कळते. वृक्षादनी फांदीबरोबरच मरते, कारण तिचे मूळ लाकडात असते. आपली घरे मेली नाहीत. संस्थानी सनदा गेल्या, वतने गेली, तरी शाळा-महाविद्यालये, दवाखाने, कचेऱ्या यांतून ती येथेच राहिली आणि येथल्या भाषेत फुललीही. १९४३ च्या 'तारसप्तक' या हिंदी काव्यसंग्रहातील सात कवींपैकी गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरांतले. ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेल्या मुक्तिबोधांची घडणीची काही वर्षे उज्जैनात गेली, आणि माचवे उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापक होते. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, आणि थोरले हिंदीचे महत्त्वाचे कवी झाले. एकाच घरातली ही दोन फुले पाहिली, की जुनी साल न सोडता नवे झाड कसे धरावे, हे निराळे सांगावे लागत नाही.

जे टिकले ते कोणीतरी उचलून बांधले म्हणून टिकले, हेही येथे नमूद करणे अगत्याचे आहे. घरोघरी पडलेली हस्तलिखिते गोळा करून ठेवण्याचे काम १९३१ मध्ये स्थापन झालेल्या सिंधिया प्राच्य शोध संस्थानाने केले. स. ल. कात्रे यांच्यासारख्या विद्वानाने तेथील पोथ्यांसाठी परिश्रम घेतले. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेले विष्णु श्रीधर वाकणकर माळवाभर पायी हिंडून शिळा, नाणी, खापरे टिपत राहिले. १९५७ मध्ये भीमबेटकाच्या चित्रित गुहा त्यांनीच उजेडात आणल्या. ही माणसे वादळानंतर अंगणात उतरून सावलीत नेण्याजोगे काय आहे ते पाहणारी होती.

रामघाटावरून वर आले की हरसिद्धी मंदिरासमोर दोन दीपमाळा उभ्या आहेत. तो मराठी वळणाचा ऐवज आहे. बुंधा रुंद, वर निमुळते होत गेलेले दगडी अंग, आणि दिवे ठेवण्यासाठी चोहोबाजूंनी बाहेर आलेले हात, ज्यांच्यामधून वारा निघून जातो. माळव्याच्या कितीतरी आंध्या त्यांच्यावरून गेल्या. पोकळ मूर्ती पडते आणि दीपमाळ उभी राहते, याचा अर्थ जुने ते सारे चांगले असा आम्ही लावीत नाही. तळ रुंद ठेवावा आणि वाऱ्याला वाट द्यावी, ही तिच्या कारागिराची समज होती, एवढेच आम्हांस म्हणावयाचे आहे. आमरीच्या कुंपणाचा नियमही हाच.

आज प्रश्न फांदीचा राहिलेला नसून झाडाचाच झाला आहे. जुन्या गावातील वाडे पाडून तेथे इमारती होतात, आणि वाड्याबरोबर परसातला आंबाही जातो. आंधीने मोडलेली फांदी निदान दिसते तरी. बांधकामासाठी तोडलेले झाड ट्रकमध्ये भरून दुपारपर्यंत नाहीसे होते, आणि त्यावरची आमर कोणी पाहिलेलीही नसते. त्याच घरातील माळ्यावरची मोडी कागदपत्रे, पंचांगे, जमाखर्चाच्या वह्या यांचीही तीच गत होते. घर रिकामे करण्याच्या घाईत वाळवी लागलेले आणि न लागलेले एकाच पोत्यात जाते; कोशकाराने जसे वृक्षादनी आणि वृक्षरुहा एकत्र टाकले, तसेच. वाडा विकण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, त्यावर आम्हांस काही म्हणावयाचे नाही. मात्र त्यापूर्वी आंब्यावरची आमर उतरवून दुसऱ्या झाडावर बांधण्यास एक सकाळ पुरते, आणि कागदांचे एक गाठोडे अभिलेखागारात किंवा संशोधन-संस्थेत पोहोचविण्यास एक दिवस.

पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. रामघाटावर पुन्हा मंडप उभे राहतील, आणि तोही मेळा चैत्र-वैशाखात, म्हणजे आंधीच्या हंगामातच भरेल. वारा कोणत्या दिवशी येईल हे कोणी सांगू शकत नाही. तो येईल एवढे निश्चित. मंडपांचे खांब किती खोल रोवावयाचे ते शासन पाहील. आपल्या परसातील झाडांकडे पाहणे आपल्याकडे आहे. वाळकी फांदी उतरवावी, बांडगूळ ओळखून कापावे, काथ्याचा एक बिंडा घरात असू द्यावा. आणि मुलांना आमर दाखविताना तिचे नाव मराठीतही सांगावे, माळव्यातले लोक तिला जे म्हणत असतील ते विचारून तेही सांगावे. आपण वृक्षादनी होतो की वृक्षरुहा, याचा निवाडा शेवटी आपण करावयाचा नसून ज्या झाडाने आपल्याला तीनशे वर्षे धरले, त्याच्या प्रकृतीवरून तो व्हावयाचा आहे. तेव्हा झाड जगविणे हे आमरीच्या हिताचे आहेच; ते आपल्याही नावाचे काम आहे.